चौदावे कलम, मालवण किनाऱ्यावरून

स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जातो, तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. लागू झाला ३ सप्टेंबर १९८१ पासून. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला तोही त्याच वर्षी, १ मे रोजी. करारात ३० कलमे आहेत आणि त्यांतले चौदावे फक्त ग्रामीण स्त्रियांसाठी आहे. भारताने ९ जुलै १९९३ रोजी करार मान्य केला, तेव्हा पाचव्या आणि सोळाव्या कलमांना, म्हणजे रूढी आणि विवाह-कुटुंब या विषयांना, आपली निवेदने जोडली आणि एकोणतिसाव्यातली लवादाची तरतूद नाकारली. चौदाव्यापुढे मात्र ना शेरा, ना अट. ते जसेच्या तसे आपण पत्करले आहे.

या कलमावर जिनिव्हात आणि दिल्लीत पुष्कळ लिहिले गेले. इथे ते देवगड, मालवण, वेंगुर्ले या तीन तालुक्यांच्या किनाऱ्यावर आणून ओळीओळीने वाचायचे आहे. प्रत्येक ओळीचा आशय माझ्या शब्दांत आधी, भाष्य नंतर.

१४(१). ग्रामीण स्त्रियांच्या खास अडचणी, आणि कुटुंब आर्थिकदृष्ट्या तगवून धरण्यातला त्यांचा वाटा, राज्यांनी विचारात घ्यावा. ज्या कामाचा पैशात हिशेब होत नाही, तेही त्यात धरावे.

कलमाची सुरुवातच थोडी खटकते. बाईला हक्क आहेत कारण ती माणूस आहे, एवढे म्हणून भागले असते. इथे आधी तिची उपयुक्तता येते, मग हक्क. पण कोकणाला ही मांडणी परकी वाटणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षे इथले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, नंतर कचेऱ्यांत गेले आणि घर, शेत, गुरे, म्हातारी माणसे गावातल्या बाईने सांभाळली. मनिऑर्डर यायची, पण मनिऑर्डरीवर पूर्ण वर्ष निघत नसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तीही आटली. तेव्हा घरे तगली ती कशावर, याचा हिशेब कुठल्याच खात्याने ठेवलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया निघाल्या. हा आकडा भाषणांतून अभिमानाने सांगितला जातो. त्यात अभिमानाचे फारसे काही नाही. गावात बायका जास्त दिसतात कारण पुरुष बाहेर आहेत. शून्य ते सहा वयोगटाचे प्रमाण पाहिले तर तिथे मुली हजाराच्या बऱ्याच खाली आहेत.

आता पैशात न मोजल्या जाणाऱ्या कामाबद्दल. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीकाठच्या बायका साडी वर खोचून चिखलात उतरतात. तिसरे, म्हणजे शिंपले, डोळ्यांनी दिसत नाहीत, पायाच्या बोटांना लागतात. वाकायचे, चाचपायचे, पाटीत टाकायचे. कालवे खडकाला चिकटलेली असतात. ती कोयतीने ठोकून काढावी लागतात आणि बोटे हमखास कापतात. भरती यायच्या आत दोन-तीन तास हे चालते. त्यातले काही विकले जाते, बाकी घरी शिजते. देशाचे उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय रीतीनुसार घरच्यासाठी वेचलेले तिसरेसुद्धा उत्पादनात धरायला हवेत; पण घरी येऊन ते धुणे, फोडणे, शिजवणे हे काम त्या रेषेबाहेर पडते. रेषा खाडीच्या काठावरून जाते म्हणा ना. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७. खाडीतले ते दोन-तीन तास या २९९ मिनिटांच्या वरचे.

१४(२), प्रास्ताविक ओळ. ग्रामीण विकासात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने भाग घेता यावा आणि त्याचा लाभही मिळावा.

भाग आणि लाभ या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दोन्ही एकत्र हव्यात. आपल्याकडच्या योजनांना एकीवर थांबायची सवय आहे. सभेला बायका आल्या, फोटो निघाला, भाग झाला. पुढच्या पोटकलमांना हीच कसोटी लावायची.

(क) विकासाच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सर्व पातळ्यांवर सहभाग.

इथे महाराष्ट्राची बाजू कागदावर भक्कम आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, राज्याने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत, म्हणजे मच्छीमार सोसायट्यांतही, स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत बाई सरपंच आहे.

अडचण ‘सर्व पातळ्यांवर’ या शब्दांपाशी सुरू होते. ग्रामपंचायत पाखाडी बांधते, नळाचे बघते, दिवाबत्ती बघते. समुद्राचे काही तिच्या हातात नाही. मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश मंत्रालयातून निघाला. मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खाते देते. किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे राज्य पातळीवर तयार होतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांनाच कोणी नीट विचारले नव्हते. बाजारात बसणाऱ्या त्यांच्या बायकांचा प्रश्नच आला नाही. राखीव जागा जिथे मिळाली तिथे मासळीचा निर्णय होत नाही, आणि जिथे तो होतो तिथे जागा राखीव नाही. पर्ससीनने बांगडा, तारली एका फेरीत उचलली की पहिला फटका बसतो तो पाच-दहा किलो माल घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईला. ही नियोजनाचीच बाब आहे, पण नियोजनाच्या टेबलावर ती बसत नाही.

(ख) आरोग्यसेवा, कुटुंबनियोजनाच्या माहितीसह.

फार लिहिण्याजोगे नाही, कारण इथे प्रश्न मुख्यतः अंतराचा आहे. वर्षानुवर्षे सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेला जातो. जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा जिल्हाभर ओरड झाली आणि आपली आरोग्यव्यवस्था शेजारच्या राज्यावर किती उभी होती ते उघडे पडले. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२१ मध्ये. चाळीस वर्षांच्या जिल्ह्याला हे फार उशिरा मिळाले.

(ग) सामाजिक सुरक्षेचा लाभ थेट मिळावा.

‘थेट’ म्हणजे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातून नव्हे. या एका शब्दापुरते पाहिले तर २०२४ ची ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना कलमाच्या जवळ जाते: महिना १५०० रुपये, तिच्याच खात्यावर. निवडणुकीच्या तोंडावर आली म्हणून तिला नाके मुरडणाऱ्यांनी हेही पाहावे की किनाऱ्यावरच्या कितीतरी बायकांच्या खात्यात दर महिन्याला ठरलेल्या रकमेची नोंद त्याआधी कधी झाली नव्हती.

पण अनुदान आणि सुरक्षा यांत फरक आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. यांत्रिक नौकेच्या मालकाला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, हंगामात तो त्याचा आधार असतो. मासे विकणारी बाई बर्फ घेते, रिक्षाचे भाडे देते, बाजारात बसायची पावती फाडते. तिच्या या खर्चाचा परतावा कोणी देत नाही, कारण मासेमारी म्हणजे नौका असे सरकारी गणित आहे. वास्तविक किनाऱ्यावर आलेली मासळी पैसा होते ती तिच्या पाटीत.

(घ) सर्व प्रकारचे शिक्षण आणि प्रशिक्षण, कामातले कसब वाढवणाऱ्या सेवांसह.

जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आहे, मुली शिकतात, तेव्हा शाळेची बाजू इथे सोडून देता येते. राहिले प्रशिक्षण. ते भरपूर होते. मसाले, लोणची, पापड, अगरबत्ती. मासळी सुकवणारी बाई वर्षानुवर्षे वाळूवर बांगडे आणि गोलमा पसरते, कावळ्यांवर नजर ठेवते आणि अवकाळी सर आली की सगळे आवरायला धावते. तिला पापडाच्या वर्गाला बसवून काय साधते? तिला ओटा, जाळीची मांडणी आणि सौर वाळवणी हवी, आणि त्या मालाला शहरात गिऱ्हाईक कसे मिळवायचे ते कळायला हवे. प्रशिक्षण देणारा आपल्याला येते ते शिकवतो.

(ङ) रोजगार व स्वयंरोजगाराची समान संधी मिळावी म्हणून बचत गट आणि सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क.

कलमातली ही ओळ आपल्या सरकारांना सर्वांत लाडकी. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चे, ‘उमेद’ अभियान २०११ चे, बँकांचे जोडणी कार्यक्रम वेगळे. गावात गट नाही असे गाव जिल्ह्यात शोधावे लागेल.

याच ओळीचे एक खरेखुरे चांगले उदाहरण वेंगुर्ल्याला आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण सुविधा आणि राज्य शासन यांचा सिंधुदुर्गच्या किनारी जैवविविधतेसाठी प्रकल्प झाला. त्यातून मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. पर्यटकांना होडीत बसवायचे, वल्हे मारत आत न्यायचे आणि कांदळवनाच्या जाती ओळखून दाखवायच्या, हे सगळे बायका करतात. मला यातले वल्हे महत्त्वाचे वाटते. मासेमार घरांत बाईने मासे निवडावे, खारवावे, विकावे, पण होडी बाप्याची, हा दंडक किती जुना कुणास ठाऊक. तो इथे मोडला, आणि कुणाचे काही बिघडले नाही.

तरीही कलमाची कसोटी लावू. गट कशासाठी? तर समान संधीसाठी. म्हणजे गट ही वाट आहे, मुक्काम नव्हे. ज्या खाडीत या बायका वल्हवतात ती शासनाची, कांदळवन शासनाचे. परवानगी आहे तोवर धंदा आहे. असे हजारो गट कर्ज घेतात, वेळेवर फेडतात, त्यांची कौतुके होतात, आणि गावातल्या मालमत्तेची वाटणी तसूभरही हलत नाही. मला वाटते, ही ओळ सरकारला आवडते ती याचसाठी. गट काढल्याने कुणाच्या सातबाऱ्याला धक्का लागत नाही.

(च) सर्व सामुदायिक व्यवहारांत सहभाग.

ओळ छोटी आहे आणि कोकणात सर्वांत नाजूक. इथल्या कितीतरी ग्रामदेवता बायका आहेत: सातेरी, माऊली, भराडी. गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थानाची पारंपरिक व्यवस्था, मात्र मानकऱ्यांची, आणि मान पुरुषांकडून पुरुषांकडे जातो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसे लोटतात. त्या दिवशी आंगणे कुटुंबांतल्या बायका देवीचा प्रसाद रांधतात तो मौन पाळून. श्रद्धेचा भाग आहे, त्यावर टिप्पणी करायचा मला अधिकार नाही. परंतु कौल कोणी लावायचा, तारीख कोणी ठरवायची, पालखीला खांदा कोणी द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे गावोगाव सारखीच का निघतात, हे करार विचारतो आणि त्यात गैर काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. म्हणजे गाव स्वतः उठून हे करू शकते. कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

(ज) राहणीमान: घर, स्वच्छता, वीज, पाणी, वाहतूक.

(छ) मुद्दाम शेवटी घेणार आहे, म्हणून हे आधी. केंद्राच्या २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला होता आणि माझ्या मते त्याचे श्रेय इथल्या बायकांचे आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. मात्र पाटी घेऊन चढणाऱ्या बाईकडे अजूनही प्रवासी नाक धरून बघतात. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समितीवर विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया ठरवून दिल्या आहेत. मासळी बाजारात पत्रा, पाणी, संडास आणि बसायचा ओटा या चार गोष्टींची मागणी त्या समितीत करता येते. तिथे भांडायला हवे.

(छ) शेतीकर्ज, विक्रीच्या सोयी, योग्य तंत्रज्ञान. आणि जमीन व शेतीसुधारणांत समान वागणूक.

सगळे कलम या ओळीवर उभे आहे असे माझे मत आहे. कराराचे पालन पाहणाऱ्या सीडॉ समितीने २०१६ मध्ये ग्रामीण स्त्रियांवर चौतिसावी सर्वसाधारण शिफारस काढली. जमीन, पाणी, बियाणे, जंगल आणि मासेमारी यांवरचे ग्रामीण स्त्रियांचे हक्क हे मूलभूत मानवी हक्क आहेत, असे तिने स्पष्ट म्हटले. मासेमारीचा उल्लेख आपल्यासाठी मोलाचा.

आधी कर्ज. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले झाले. नियमांत महिला गटांचा उल्लेख आहे. पण सागरी मासेमारीसाठी नोंदणीकृत नौका मालकीची किंवा भाड्याची आणि परवाना, ही अट पुढे येते. बाईकडे असते ती पाटी, सुरी, वजनकाटा आणि पहाटेच्या लिलावात उधारीवर माल उचलण्याची पत. ही पत संध्याकाळी फेडायची असते, आणि मासळी पडून राहिली तर सावकाराकडे जायचे. तिला हवे ते एका दिवसाचे भांडवल. कार्ड विचारते नौकेचा क्रमांक. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान आहे, स्त्रियांना ६० टक्के. हेतू चांगला. मात्र नाव तिचे आणि व्यवहार त्याचा, ही वाट त्यात उघडी राहते. आणि अनुदानाची फाइल बंद झाल्यावर इंजिनाची किल्ली कुणाच्या खिशात असते हे तपासायला कोणी येत नाही.

मग जमीन. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा. कांद्या-कापसाच्या मुलखात गावेच्या गावे पुढे आली. कोकणात ही गोष्ट रुजली नाही, आणि त्याला कारण मनाचा कोतेपणा एवढेच नव्हे. इथला सातबारा सामायिक. एका गुंठ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची वीस-पंचवीस नावे, त्यांतले निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. जिथे नवऱ्याचाच हिस्सा वेगळा दिसत नाही तिथे तो बायकोच्या नावे काय करणार? काजूला, आंब्याला कर्ज किंवा विमा घ्यायचा तर सहहिस्सेदारांची संमती लागते. तरवा काढणारी, लावणी करणारी, काजूबिया वेचणारी, सोले वाळवणारी बाई गावात असते. संमती देणारी सही अंधेरीत.

कायदा मात्र पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मजात वाटा दिला. त्या वर्षाच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ही त्रुटी ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने काढली. शेतजमिनीच्या कुळहक्कांना वारसा कायद्याबाहेर ठेवणारे पोटकलमही तिने गाळले. कुळकायद्यातून जमिनी मिळालेल्या कोकणासाठी हे मोठे. या वाट्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे जरुरीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात पक्के केले. हे सारे हिंदू कुटुंबांपुरते. किनाऱ्यावरच्या मुसलमान आणि ख्रिस्ती घरांचे वारसाकायदे निराळे आहेत.

एवढे असूनही कागदावर बाई दिसत नाही, याला कारण हक्कसोडपत्र. ते नाममात्र मुद्रांकावर होते आणि भावाबहिणींच्या गोडीगुलाबीत होते. ‘माहेर तुटेल’ एवढे दोन शब्द पुरतात. बहिणीला खरेच नको असेल तर तिने सोडावे. पण कितीतरी सह्या मिळकत किती, कुठे आणि कुणाच्या नावे आहे हे न पाहता होतात. आपण काय सोडले हेच ठाऊक नसेल, तर त्याला सोडणे तरी कसे म्हणायचे?

करार मोडला म्हणून मालवणची बाई जिनिव्हाला तक्रार करू शकत नाही. त्यासाठीचा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. आपल्या न्यायालयांत मात्र या कराराला वजन आहे. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती याच कराराचा आधार घेऊन. जमिनीच्या आणि समुद्राच्या बाबतीत असा आधार घेऊन भांडणारी वकील मंडळी कोकणात निघायला हवीत.

तोवर घरच्या घरी एक काम होण्यासारखे आहे. यंदा गणपतीला मुंबई-पुण्याहून सगळे घरी जमतील. सातबारा आता ऑनलाइन मिळतो. तो आधी काढून ठेवा आणि त्यावर बायकांची नावे किती आहेत ते बघा. आजीची, आईची, आत्याची वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे पहिला अर्ज तिचा करा. आणि विसर्जनाच्या घाईत कोणी हक्कसोडपत्र पुढे केले, तर बहिणींनो, त्यावर त्या दिवशी सही करू नका.